नामिबियाच्या वाळवंटाची सहल आखताना किलोमीटर नव्हे, तास मोजावेत

व्हिसा, विमा आणि विमानाची तिकिटे यांवर वेगळे लिहिण्याची गरज नाही. मात्र विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाणार असेल, तर पीतज्वराच्या लशीचा दाखला जवळ ठेवावा, कारण परतताना भारतातील विमानतळावरही तो मागितला जातो. हंगाम जून ते ऑक्टोबर हा कोरडा. एतोशा अभयारण्यातील प्राणी तेव्हा पाणवठ्यांवर येतात. जुलैच्या रात्री मात्र स्वेटर लागतोच.

खरी अडचण रस्त्यांची आहे, आणि ‘आठ दिवसांत संपूर्ण नामिबिया’ असे वेळापत्रक देणाऱ्यांनी हे रस्ते पाहिलेले नसावेत. राजधानी विंडहुकपासून निघणारे मोजके डांबरी रस्ते संपले की पुढे सारी खडी असते. ती जागोजागी पन्हळी पत्र्यासारखी उमटलेली असल्यामुळे गाडी सतत थरथरते आणि वळणावर ब्रेक दाबताच मागून घसरू लागते. पहिल्या खेपेस वाळवंटातील सेसरीम ते किनाऱ्यावरील स्वाकोपमुंड शहर हे साडेतीनशे किलोमीटरचे अंतर आम्ही घरी बसून चार तासांचे ठरवले होते. वाटेतल्या सॉलिटेअर वस्तीच्या पुढे एक टायर गेला, कुइसेबच्या घाटात दुसरा गेला आणि स्टेपनी एकच होती. मागून येणारी पहिली गाडी अडीच तासांनी दिसली. तेथेही वाहने डावीकडूनच चालतात, त्यामुळे आपल्याला वाहन चालवणे सोपे वाटते. हाच आत्मविश्वास नडतो.

तेव्हापासून मी तासाला सरासरी साठ किलोमीटर धरतो आणि दिवसाला पाच तासांहून अधिक प्रवास ठेवत नाही. खडीवर वेग ऐंशीच्या पुढे नेऊ नये. गाडी भाड्याने घेताना दोन स्टेपन्या मागून घ्याव्यात आणि टायर-काचांचा विमा वेगळा आहे का, हे करारात स्वतः वाचावे. खडी लागली की आम्ही टायरमधील हवा २६ पीएसआयपर्यंत उतरवतो. पंप दिसला की टाकी भरावी, अर्धी भरलेली असली तरी. सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचावेच, कारण अंधारात कुडू हरणे रस्त्यावर येतात.

सोसुसफ्लेच्या लाल वाळूच्या टेकड्या पाहण्यासाठी मुक्काम सेसरीम येथील राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाच्या आतच घ्यावा, कारण आत राहणाऱ्यांना सूर्योदयाच्या तासभर आधी सोडतात. शेवटच्या पाच किलोमीटर वाळूत स्वतःची गाडी घालून शौर्य दाखवू नये. तेथील वाहनाने जावे.

वाळवंटी हत्ती होआनिब आणि हुआब या कोरड्या नद्यांच्या पात्रांत आढळतात. तेथे स्थानिक वाटाड्याशिवाय उतरू नये. वाटेतील ट्वायफेलफाँटेन या प्राचीन खडकचित्रांच्या जागेला, जे २००७ पासून जागतिक वारसास्थळ आहे, अर्धा दिवस द्यावा. तेथील एका कोरीव सिंहाच्या प्रत्येक पंजाला माणसासारखी पाच बोटे आहेत, आणि समुद्रापासून इतक्या दूर असूनही खडकावर पेंग्विन कोरलेला आहे.

गुरे पाळणाऱ्या हिंबा जमातीच्या वस्तीवर ओपुवो या गावाहून, त्यांची भाषा बोलणाऱ्या माणसासोबतच जावे. मुलांना खाऊच्या गोळ्या वाटत बसू नये. मक्याचे पीठ आणि साखर न्यावी आणि ती वाटाड्याच्या हातून घरच्या वडीलधाऱ्यांना द्यावी. प्रमुखाचे घर आणि गुरांचा गोठा यांच्यामध्ये पवित्र अग्नीची जागा असते. निखारे विझलेले दिसले, तरी अग्नी आणि घर यांच्यामधून ओलांडून जाऊ नये, वळसा घालावा. कॅमेरा त्यानंतर आणि विचारूनच काढावा.