जर्मनमधला ‘मला’: मिश की मीर?

मराठीत ‘त्याला पाहतो’ आणि ‘त्याला मदत करतो’, दोन्हीकडे ‘ला’ चालतो. जर्मनमध्ये मात्र पहिल्या वाक्यात ‘ईन’ (आकुझाटिव, आपल्या द्वितीयेसारखी विभक्ती) येतं, दुसऱ्यात ‘ईम’ (डाटिव, आपल्या चतुर्थीसारखी). त्यामुळे मराठी अर्थावरून विभक्ती ठरवायला गेलात की घोळ होतो. विभक्ती क्रियापद ठरवतं, म्हणून ते सर्वनामासकटच पाठ करा. हेल्फन (मदत करणे), डांकन (आभार मानणे), आन्टवोर्टन (उत्तर देणे) यांच्यासोबत डाटिवमधले मीर, डीर, ईम (मला, तुला, त्याला). पण फ्रागन (विचारणे) आणि आनरूफन (फोन करणे) यांना आकुझाटिवमधले मिश, डिश, ईन (पुन्हा मला, तुला, त्याला) लागतात. ‘तुला फोन करतो’ म्हणताना ‘डीर’ तोंडात येतंच, तिथे जरा थांबा. ‘उन्स’ (आम्हाला) आणि ‘ऑइश’ (तुम्हाला) दोन्ही विभक्तींत सारखेच, तेवढीच सुटका.

एका बाबतीत मात्र मराठी माणूस फायद्यात आहे. ‘मला आवडतं’ म्हणजे ‘एस गेफेल्ट मीर’, ‘मला थंडी वाजतेय’ म्हणजे ‘मीर इस्ट काल्ट’. रचना जवळजवळ आपलीच! इथे ‘इश बिन काल्ट’ (शब्दशः ‘मी थंड आहे’) म्हणालात तर ऐकणारा तुम्हाला भावनाशून्य समजेल.

निर्जीव वस्तूंना सरसकट ‘एस’ (ते) लावू नका. टिश (टेबल) पुल्लिंगी, म्हणून त्याच्यासाठी ‘एर’ (तो). लाम्पं (दिवा) स्त्रीलिंगी, तिथे ‘झी’ (ती). आणि दोन सर्वनामं शेजारी आली तर आकुझाटिव आधी: ‘इश गेबं एस डीर’, ते मी तुला देतो.