जुना लॅपटॉप, पेनड्राइव्हवरचा पपी लिनक्स

दादरच्या काकांचा २ जीबी रॅमचा लॅपटॉप विंडोज १० ने रडकुंडीला आणला होता. विंडोज १० चा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लॅमिंग्टन रोडवरून पेनड्राइव्ह आणला, रूफस या बूटेबल पेनड्राइव्ह बनवणाऱ्या प्रोग्रामने त्यावर पपी लिनक्स ही हलकी ऑपरेटिंग सिस्टिम चढवली. तरी उघडायचं विंडोजच! मेख अशी, की मशीनला जुनं बायोस (लॅपटॉप सुरू करणारी यंत्रणा), त्याच्या जागी आलेलं नवं यूईएफआय नाहीच, आणि पेनड्राइव्ह जीपीटीवर, म्हणजे यूईएफआयला लागणाऱ्या विभागणीवर. रूफसमध्ये एमबीआर ही बायोसला चालणारी जुनी विभागणी निवडून पुन्हा लिहिला, चालू करताना एफ१२ दाबत राहिलो (कंपनीगणिक ही की बदलते) आणि बूट मेनूत (कशावरून सुरू करायचं त्या यादीत) यूएसबी दिसली.

पपी सगळं रॅममध्ये चढवतं, त्यामुळे रडतखडत चालणाऱ्या हार्डडिस्कशी संबंधच नाही. पहिल्यांदा बंद करताना केलेले बदल जपणारी सेव्ह फाइल मात्र बनवाच, नाहीतर वायफायचा पासवर्डही गेला. मराठीच्या जागी चौकोन दिसत होते. लोहित हा देवनागरी फॉन्ट टाकल्यावर काकांचा पेपर वाचून झाला.