'एचेवेर्रिया' हे नाव कसे ओळखावे : घर, गाव, माणूस आणि वनस्पती

अर्जेंटिनाच्या नकाशावर, मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांच्या यादीत आणि जाड मांसल पानांच्या शोभेच्या रोपाशेजारी खोचलेल्या पट्टीवर जवळजवळ एकच नाव आढळते. भाषांतर करताना, कोशासाठी नोंद लिहिताना किंवा छायाचित्राखाली ओळ घालताना या तिन्हींची सरमिसळ सहज होते आणि एकदा छापली गेलेली चूक पुढे वर्षानुवर्षे उतरवली जाते. ती टाळता येते, कारण या नावाने आपली हकीकत आपल्या अक्षरांतच जपून ठेवली आहे. ते घाईने न वाचता सुटे करून वाचले पाहिजे, एवढेच.

म्हणून पहिले काम शब्द फोडण्याचे. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क प्रदेशातून हे नाव आले. तिथल्या बास्क भाषेत 'एचे' म्हणजे घर, 'बेर्री' म्हणजे नवे आणि शेवटचा 'आ' हा 'ते विशिष्ट' असे दाखवणारा प्रत्यय. बास्कमध्ये विशेषण नामाच्या मागून येते, त्यामुळे शब्दाचा क्रम 'घर, नवे, ते' असा लागतो आणि पूर्ण अर्थ 'ते नवे घर' असा होतो. बास्क प्रदेशात घराला नाव असे आणि घरातली माणसे त्या नावाने ओळखली जात. आडनावांचा फार मोठा भाग तिथूनच आला. जुन्या घराशेजारी किंवा गावाच्या कडेला नवे घर उभे राहिले की त्याला 'नवे घर' म्हणणे स्वाभाविक होते आणि असे घर अनेक गावांत उभे राहिले. त्यामुळे हे आडनाव एका मूळ पुरुषापासून पसरलेले नसून वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे तयार झालेले आहे. माझ्या मते या नावाविषयी सर्वांत आधी लक्षात ठेवावी अशी गोष्ट हीच : दोन व्यक्तींचे आडनाव एचेवेर्रिया असणे हा त्यांच्या नात्याचा पुरावा मुळीच नाही.

यानंतर रोमन लिपीतले स्पेलिंग पाहावे. मधल्या 'च'साठी 'टीएक्स' ही जोडी असेल तर लेखन आजच्या बास्क पद्धतीचे आहे. 'सीएच' असेल तर ते स्पॅनिश वळणाचे. आणि 'टीसीएच' असून शेवटी 'वाय' येत असेल, म्हणजे नाव 'एचेवेरी' असे संपत असेल, तर ते फ्रान्सच्या हद्दीतल्या बास्क भागाचे वळण आहे. 'बी' आणि 'व्ही' यांच्यातल्या फरकाला मात्र फार महत्त्व देऊ नये, कारण स्पॅनिशमध्ये दोन्हींचा उच्चार एकच होतो. त्याउलट मधल्या स्वराकडे नीट लक्ष द्यावे. पश्चिमेकडच्या बिस्काय प्रांतात 'नवे' या अर्थी 'बेर्री'ऐवजी 'बार्री' म्हणतात, त्यामुळे 'एचेबार्रिया' किंवा 'एचेवार्रिया' हे रूप दिसले की बिस्कायच्या बाजूचा विचार आधी करावा. सुरुवातीचा 'ए' गळून 'चावार्रिया' आणि 'चावार्री' अशी रूपेही झाली आहेत. येथे एक सावधगिरी बाळगावी : स्पेलिंगवरून नाव कोणत्या वळणाने लिहिले गेले ते कळते, माणूस कुठे जन्मला ते नव्हे. फ्रेंच वळणाचे स्पेलिंग अर्जेंटिना आणि उरुग्वेमध्येही पुष्कळ आढळते, कारण तिथे जाऊन वसलेल्या कुटुंबांनी ते सोबत नेले.

याच शब्दाचे एक रूप मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचे आहे, पण ते या कुळातले असेल असे सहसा मनात येत नाही. ते रूप म्हणजे 'झेवियर'. स्पेनमधल्या नवार प्रांतात हाविएर नावाचे गाव आणि तिथला किल्ला आहे. बास्क भाषेत त्याला शाबिएर म्हणतात, आणि ते नाव 'एचे बेर्री'चेच झिजलेले रूप आहे. या किल्ल्यात 1506 मध्ये जन्मलेले फ्रान्सिस त्या जागेच्या नावाने ओळखले जाऊ लागले, 1542 मध्ये गोव्यात आले, 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले, आणि त्यांचा देह आज जुन्या गोव्यातल्या बॉम जेझूस बॅसिलिकेत आहे. संतांच्या कीर्तीमुळे जागेचे नाव पुढे मुलांना ठेवायचे नाव झाले. घराच्या नावाने किती लांबचा प्रवास केला हे दाखवणारे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

जागेचे नाव समोर आले तर एकच प्रश्न विचारावा : जागेवरून माणसाचे नाव पडले, की माणसावरून जागेचे? बिस्कायमधले एचेबार्रिया हे गाव पहिल्या प्रकारचे आहे. तिथे नावाचा अर्थ सरळ 'नवे घर' असाच घ्यावा. त्याच प्रांतातल्या बिल्बाओ शहरातले एचेबार्रिया उद्यान मात्र दुसऱ्या प्रकारचे आहे. ते एका जुन्या पोलाद कारखान्याच्या जागेवर उभे आहे, कारखान्याचे धुराडे आजही तिथे राखलेले आहे, आणि उद्यानाचे नाव त्या कारखान्यावरून, म्हणजे शेवटी एका कुटुंबाच्या आडनावावरून आले. अर्जेंटिनाच्या ब्वेनोस आयरेस प्रांतातला एस्तेबान एचेवेर्रिया हा जिल्हा 1913 मध्ये स्थापन झाला आणि मोंते ग्रांदे हे त्याचे मुख्य ठिकाण आहे. त्याच्या नावात व्यक्तीचे पहिले नावही असल्यामुळे शंकेला जागा उरत नाही. सर्वसाधारणपणे अमेरिका खंडातली अशी स्थळनावे माणसांवरून आणि बास्क प्रदेशातली घरांवरून पडलेली असतात, असे धरून शोध सुरू करावा आणि मग खात्री करून घ्यावी.

व्यक्तीच्या बाबतीत पूर्ण नाव मिळवल्याशिवाय पुढे जाऊ नये. स्पॅनिश पद्धतीत आधी वडिलांचे आणि नंतर आईचे आडनाव येते; लुईस एचेवेर्रिया आल्वारेस यांत 'एचेवेर्रिया' हे आडनाव आणि 'आल्वारेस' हे मातृकुळाचे, म्हणून अकारविल्हे यादीत त्यांची नोंद 'ए'खाली करावी. हे 1970 ते 1976 या काळात मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष होते, आणि 1968 मध्ये त्लातेलोल्को चौकात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला तेव्हा गृहखाते त्यांच्याकडे होते. एस्तेबान एचेवेर्रिया हे अर्जेंटिनाचे कवी आणि लेखक. त्यांचा जन्म 1805 चा, मृत्यू 1851 चा. दोघांत देश, शतक आणि कार्यक्षेत्र यांपैकी काहीच समान नाही. पूर्ण नावही एकच असेल तर बास्क लोकांचीच जुनी रीत उपयोगी पडते : जोआनेस एचेबेर्री नावाचे दोन जुने बास्क लेखक होऊन गेले, आणि त्यांना 'सिबुरूचे' आणि 'साराचे' असे गावाच्या नावानेच वेगळे ओळखले जाते. आपणही तसेच लिहावे.

आता वनस्पती. एचेवेरिया ही क्रॅसुलेसी कुलातली, म्हणजे पानफुटीच्या कुलातली प्रजाती. तिच्या जाती मुख्यतः मेक्सिकोत आणि तिथून दक्षिण अमेरिकेच्या वायव्य भागापर्यंत उगवतात. हे नाव अतानासिओ एचेवेर्रिया इ गोदोय या चित्रकारावरून आले. 1787 मध्ये सुरू झालेल्या स्पेनच्या शाही वनस्पती मोहिमेत मार्तिन सेस्से आणि होसे मारिआनो मोसिन्यो या वनस्पतिशास्त्रज्ञांसाठी त्याने मेक्सिकोतल्या वनस्पतींची चित्रे काढली. चित्रांचा संग्रह पुढे मोसिन्योने युरोपात ऑग्युस्तँ पिराम द कांदोल या शास्त्रज्ञाच्या हवाली केला. 1817 मध्ये मोसिन्योने तो परत मागितला तेव्हा जिनिव्हातल्या शंभराहून अधिक चित्रकारांनी, ज्यांत हौशी स्त्रिया पुष्कळ होत्या, अवघ्या काही दिवसांत शेकडो चित्रांच्या नकला करून दिल्या. मूळ चित्रे नंतर जवळजवळ दीडशे वर्षे बेपत्ता होती. ती आता अमेरिकेतल्या पिट्सबर्ग येथील हंट संस्थेत आहेत. द कांदोलने 1828 मध्ये नवी प्रजाती मांडताना तिला या चित्रकाराचे नाव दिले, आणि लिहिताना आडनावातल्या दोन 'आर'पैकी एकच ठेवला. तेच लेखन वनस्पतिशास्त्रात रूढ झाले. वनस्पतीला नाव राष्ट्राध्यक्षांवरून किंवा कवीवरून पडले, असे कुणी लिहिले असेल तर ते तत्काळ दुरुस्त करावे. प्रजातीचे नामकरण झाले तेव्हा राष्ट्राध्यक्षांचा जन्म व्हायला चौऱ्याण्णव वर्षे होती.

पट्टीवर विश्वास न ठेवता रोप स्वतः पाहावे, असा माझा आग्रह आहे. पाने जमिनीलगत गुलाबाच्या पाकळ्यांसारखी गोलाकार रचलेली असतात आणि अनेक जातींत त्यांच्यावर पिठासारखा पांढुरका थर असतो. बोट लावले की तो निघतो आणि ठसा तसाच राहतो, म्हणून पाहताना पान चिमटीत धरू नये. याच रचनेमुळे युरोपातल्या सेम्परविव्हम या प्रजातीशी तिची गफलत होते. फुले आली की शंका फिटते : एचेवेरियाच्या फुलाला पाच पाकळ्या असतात आणि फुलांचा दांडा पानांच्या बगलेतून, बाजूने निघतो, त्यामुळे फुलोरा वाळला तरी पानांचा गोल जगतो. सेम्परविव्हममध्ये दांडा मधोमध वर येतो, पाकळ्या पाचाहून जास्त असतात आणि फुलून झाल्यावर तो गोल मरतो.

देवनागरीत लिहिताना हा फरक अक्षरांत राखावा. माणूस आणि त्याच्यावरून पडलेले स्थळनाव असेल तेव्हा जोडाक्षर ठेवून 'एचेवेर्रिया' लिहावे, वनस्पती असेल तेव्हा 'एचेवेरिया'. दोन्हींना सरसकट एकच रूप दिले की मूळ लेखनातली खूण मराठीत पुसली जाते. आंतरजालावर शोध घेताना रोमन लिपीतले आडनाव 'आय'वरच्या आघातचिन्हासह आणि त्याशिवाय, असे दोन्ही प्रकारे टाइप करून पाहावे, कारण जुन्या सूच्यांत हे चिन्ह अनेकदा गाळलेले असते. ग्राप्टोपेटलम ही याच कुलातली दुसरी प्रजाती आणि एचेवेरिया यांच्या संकराला ग्राप्टोवेरिया म्हणतात आणि नावाआधी गुणाकाराचे चिन्ह घालतात. तिथेही 'र' साधाच ठेवावा. ग्राप्टोवेरिया या नावात 'एचे', म्हणजे घर, उरलेले नाही; उरला आहे तो फक्त 'बेर्रिया', नवे.