डोंगरी अल्ट्राचा सराव आणि वाटेची सफाई: या चुका टाळा

येळ्ळूरचा राजहंसगड, हद्दीपलीकडचा देवरवाडीचा वैजनाथ, जांबोटी-कणकुंबीच्या रानवाटा. बेळगाव-खानापूर पट्ट्यात डोंगरावर पळायला जागा कमी नाही आणि या वाटांवर गुटख्याच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या, बिअरच्या काचाही कमी नाहीत. पळता पळता कचरा उचलावा, हा विचार चांगलाच आहे. पण अल्ट्राचा, म्हणजे मॅरेथॉनहून लांब शर्यतीचा, सराव आणि सफाई ही दोन्ही कामं एकमेकांत मिसळली की सराव अर्धा होतो आणि पोतंही अर्धंच भरतं. बहुतेक चुकांचं मूळ तिथे आहे.

लांब धावेतच कचरा वेचणं

रविवारच्या तीन-चार तासांच्या धावेचा उपयोग सलग श्रमात असतो. दर पन्नास पावलांवर थांबलं की नाडी खाली येते, पाय थंड पडतात आणि घड्याळात तीन तास दिसले तरी त्यातला तासभर उभं राहण्यात गेलेला असतो. म्हणून लांब धाव आणि चढाच्या फेऱ्या रिकाम्या हातांनी करा. सफाईसाठी आठवड्यातला चालण्याचा दिवस ठेवा. अल्ट्रामध्ये खडे चढ बहुतेक जण चालूनच चढतात, त्यामुळे दीड-दोन तासांची ही चाल वाया जात नाही. मात्र तिच्यात आणि लांब धावेत किमान दोन दिवसांचं अंतर हवं, कारण सतत वाकून मांडीची मागची बाजू आणि कंबर आखडते. वहीत चालण्याचा वेळ आणि थांबण्याचा वेळ वेगळा लिहा. थांबलेला वेळ सरावात धरू नका.

पोतं एका हातात धरून उतारावर पळणं

इथे दुखापत सहज होते. ६५० मिलीची रिकामी बिअरची बाटली साधारण अर्धा किलो भरते, म्हणजे सहा बाटल्यांचे तीन किलो झाले. तेवढं वजन एका हातात असलं की धड एका बाजूला झुकतं, दुसऱ्या बाजूच्या कमरेचे स्नायू ताणले जातात आणि गुडघ्याची बाहेरची बाजू दुखू लागते. हात बदलून फारसा फरक पडत नाही. २० लिटरची जुनी सॅक घ्या, तिच्यात तांदळाची रिकामी पिशवी अस्तरासारखी घाला आणि छातीचा पट्टा लावा. फुटलेली काच पिशवीत मोकळी टाकू नका. पाच लिटरच्या तेलाच्या कॅनचं तोंड कापून त्यात काच भरा आणि कॅन सॅकमध्ये उभा, पाठीलगत ठेवा. बाटल्यांतलं पाणी आधी ओता, प्लास्टिकच्या बाटल्या चेपून टोपण लावा.

वजन पाठीवर असेल तर उतार चालूनच उतरा. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलतो, त्यातून त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, आणि वजनाने ती वाढते. उतारावर पळण्याचा सराव लागतोच, पण तो वेगळा आणि विनाओझं करा. सुरुवातीला एका दिवशी एकूण २००-३०० मीटर उतार पुरे, मग दर आठवड्याला थोडा वाढवा. शेवटचा जोराचा उतार शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी उरका.

दुसऱ्या दिवशी कंबर धरत असेल, तर उचलण्याची पद्धत चुकते आहे. ८० सेंटीमीटरचा लांब चिमटा वापरा. तो नसेल तर कमरेतून न वाकता एक पाय पुढे टाकून गुडघ्यात बसा आणि दर वेळी पाय बदला.

उघडा हात, आणि त्याच हाताने खाणं

जांभ्याच्या सड्यावर, सुक्या पाल्यात पडलेल्या पत्र्याखाली किंवा गोणपाटाखाली फुरसं, घोणस, विंचू असू शकतो. आधी काठीने उलटा, मग चिमट्याने उचला. रबराचा लेप असलेले जाड हातमोजे घाला. इंजेक्शनच्या सुईला मोजे घालूनही हात लावू नका. धनुर्वाताची लस घेऊन किती वर्षं झाली, ते आधी पाहून ठेवा.

शेजारच्या गोव्यातल्या सत्तरी आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा ताप गोचिडांतून पसरतो आणि डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत त्याचा जोर असतो. पाल्यात बसू नका, पायमोजे पँटवर ओढून घ्या, घरी आल्यावर काखा, जांघा आणि गुडघ्यांमागची जागा तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा.

पोट बिघडण्याचं कारण अनेकदा गूळ किंवा केळं नसतं, कारण हात असतो. लांब धावेत तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास मिळतात, ३० ग्रॅम गुळातही जवळपास तेवढीच. सफाईच्या दिवशी एवढं लागत नाही, पण जे खाल ते साबणाने हात धुऊन खा. नुसत्या सॅनिटायझरने माती आणि तेलकट घाण जात नाही. बेळगावच्या कुंदा या मिठाईत खवा आणि तूप असतं, तो घरी परतल्यावर खा.

चढाईचा हिशेब न मांडणं

५० किलोमीटरच्या शर्यतीत २,५०० मीटर चढ असेल, तर दर किलोमीटरला ५० मीटर झाले. मग २० किलोमीटरच्या सरावात १,००० मीटर चढ हवा. बेळगावच्या कॅम्पातल्या सपाट रस्त्यांवर तो मिळणार नाही. राजहंसगडाच्या एका फेरीची चढाई घड्याळात पाहा. १०० मीटर भरली तर १० फेऱ्या. कंटाळवाणं वाटेल, पण आपल्या भागात याहून खात्रीचा मार्ग नाही.

परवानगी न घेता जाणं, कचरा तिथेच पेटवणं

भीमगड अभयारण्यात सफाईसाठीही वनखात्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही. गोळा केलेला ढीग ‘उद्या नेऊ’ म्हणून रानात ठेवू नका, रात्रीत जनावरं तो विस्कटतात. पेटवू तर मुळीच नका. प्लास्टिकचा धूर विषारी असतो, आणि फेब्रुवारीनंतर सुकलेलं गवत एका ठिणगीने पेट घेतं. निघण्यापूर्वी ग्रामपंचायतीत विचारा: सुका कचरा कुठे आणि कोणत्या दिवशी घेतात? बेळगावात परतणार असाल तर काच, प्लास्टिक आणि चिखलाने माखलेला कचरा वेगळा बांधून घंटागाडीत द्या. काचेच्या पिशवीवर मोठ्या अक्षरांत ‘काच’ लिहा. ती पिशवी पुढे सफाई कामगाराच्या हातात जाते.