पार्किन्सन्स : पाय जमिनीला चिकटतात तेव्हा

पार्किन्सन्स या मेंदूच्या आजारात दारात, वळताना किंवा अरुंद जागेत रुग्णाचे पाय अचानक थिजले, तर हात धरून त्याला पुढे ओढू नका. वरचे शरीर पुढे जाते, पाय मागेच राहतात आणि तोल जातो. त्याला सांगा : आधी पूर्ण थांबा. ताठ उभे राहा, श्वास सोडा. वजन सावकाश डाव्या-उजव्या पायावर झुलवा. मग एक पाय मोकळा करून मोठे पाऊल टाका, टाच आधी टेकवत.

जिथे नेहमी अडते तिथे फरशीच्या रंगाहून उठून दिसणाऱ्या चिकटपट्ट्या चालण्याच्या दिशेला आडव्या लावा. अंतर साधारण ४५ ते ६० सेंमी, पण माणसाच्या उंचीप्रमाणे बदला. पट्टी ओलांडायची, तिच्यावर पाय ठेवायचा नाही. उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडेही पट्ट्या हव्यात. तिथे अनेकदा अडते.

तालही उपयोगी पडतो. आरामात चालताना मिनिटाला किती पावले पडतात ते मोजा आणि मोबाइलवरच्या मेट्रोनोमला (ठरावीक वेगाने टकटक ठोके देणाऱ्या ॲपला) तोच वेग द्या. पुढे फार तर दहा टक्के वाढवा. ताल जास्त जलद झाला की पावले आखूड होऊन माणूस पुढे धावत सुटतो.

एका पायावर गर्रकन वळू नका, मोठा वळसा घ्या. चालताना गप्पा नकोत, हातात ताट किंवा पेलाही नको. मागून सुटणाऱ्या सपाता टाळा. चाकांशिवायचा वॉकर दर पावलाला उचलावा लागतो, त्याने लय तुटते. म्हणून निवड फिजिओथेरपिस्टला विचारूनच करा. नवा सराव औषधाचा असर चांगला असतानाच, कुणीतरी शेजारी असताना करा.