पत्र्याच्या छपराची वारा-चाचणी: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

बेळगावच्या उद्यमबागेतील शेड असो की निपाणीची तंबाखूची वखार, वळवाच्या वाऱ्यात पत्रा उडतो तो बहुधा वरच्या ओढीमुळे. छपराच्या कडेला व कोपऱ्याला वारा पृष्ठभागापासून सुटतो, तेथे हवेचा दाब घटतो आणि मोठे दार उघडे असेल तर आत शिरलेला वारा खालून भर घालतो. म्हणून कोपऱ्यातला पत्रा मधल्यापेक्षा कितीतरी जास्त सोसतो. आयएस ८७५ (भाग ३), २०१५ या वाऱ्याच्या भाराविषयीच्या भारतीय मानकाप्रमाणे वाऱ्याचा दाब ०.६ गुणिले वेगाचा वर्ग असा काढतात, म्हणजे सेकंदाला ३९ मीटर वेगाला चौरस मीटरमागे सुमारे ९१३ न्यूटन. कोपऱ्याचे गुणांक त्यावर वेगळे लागतात.

एएसटीएम ई १५९२ या अमेरिकी मानक चाचणी-पद्धतीत पर्लिन (पत्र्याखालची आडवी आधारपट्टी), क्लिप (पत्रा पर्लिनला धरून ठेवणारी पकड), स्क्रू यांसह प्रत्यक्ष कामात असते तशीच छपराची रचना पेटीवर बसवून हवेचा दाब टप्प्याटप्प्याने वाढवतात. प्रत्येक टप्पा किमान ६० सेकंद धरतात, मग दाब उतरवून पत्रा कितपत परत बसला ते मोजतात. हवा गळू नये म्हणून पत्र्याखाली प्लास्टिकचा पातळ कागद घालतात. नवशिक्यांकडून मी सर्वाधिक मेहनत याच कामी करून घेतो, कारण हा कागद प्रत्येक नाळीत आणि सांध्यापाशी सैल चुणीने बसला पाहिजे. ताणला गेला तर भार तोच पेलतो, पत्रा उगाच मजबूत ठरतो आणि अशा अहवालावर कोणाचे तरी छप्पर उभे राहते.

पत्रा सुटल्यावर आकडा लिहून मोकळे होऊ नये. स्क्रूचे डोके पत्रा फाडून आरपार गेले, की आटे पर्लिनमधून उपटून आले, हे जवळ जाऊन पाहावे. पहिल्यात पत्र्याची जाडी किंवा वॉशर कमी पडलेला असतो, दुसऱ्यात पर्लिनची जाडी. उभ्या सांध्याच्या छपरात, म्हणजे शेजारच्या पत्र्यांच्या कडा वर उचलून एकमेकींत दुमडलेल्या असतात अशा छपरात, बहुधा सांधा उलगडतो किंवा क्लिप वाकते. माझ्या मते या नोंदीचे मोल अंतिम आकड्याहून अधिक आहे.

खानापूर, निपाणीकडच्या पदविका-पदवीच्या मुलांनी सुरुवात एकट्या स्क्रूच्या उपट-चाचणीने, म्हणजे स्क्रू ओढून किती बळाला उपटतो ते मोजून, करावी. ती साध्या ताण-यंत्रावर होते आणि त्यातून हात तयार होतो. अहवालात पर्लिनची जाडी आणि स्क्रूंमधले अंतर न चुकता लिहावे, कारण मिस्त्रींनी पुढे तेच अंतर वाढवले तर तो निकाल त्या छपराला लागू राहत नाही.