काउंटीचे प्रभाग नव्याने आखताय? या चुका टाळा

अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणनेचे आकडे आले की काउंटी कमिशनचे प्रभाग पुन्हा आखावे लागतात. आपल्या जिल्हा परिषदेच्या गटांसारखंच हे काम. नवी मुलं पहिल्याच दिवशी नकाशावर रेघा मारायला बसतात. मला ते बघवत नाही, कारण घोळ त्याआधीच, आकड्यांच्या फायलीत झालेला असतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ती फाईल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करणं. ब्लॉक हा जनगणनेचा सगळ्यात लहान तुकडा आणि त्याचा क्रमांक १५ अंकी: २ अंक राज्याचे, ३ काउंटीचे, ६ ट्रॅक्टचे (म्हणजे अनेक ब्लॉक मिळून झालेल्या भागाचे), ४ ब्लॉकचे. अलाबामाचा कोड ०१. एक्सेल सुरुवातीचं शून्य खाऊन टाकतं. २०२१ मध्ये अलाबामातल्या एका काउंटीचं काम करताना आमच्यातल्या एका मुलाने बेरीज तपासायला एका गावापुरत्या ओळी एक्सेलमध्ये घेतल्या आणि मूळ फायलीत परत चिकटवल्या. तेवढे ब्लॉक नकाशाशी जुळेनात, सॉफ्टवेअरने मुकाट्याने त्यांची लोकसंख्या शून्य धरली. प्रभाग हलका दिसला म्हणून त्याने शेजारची अख्खी वस्ती त्यात ओढली. नकाशा जाहीर व्हायला दोन दिवस होते. पाचही प्रभागांची बेरीज काउंटीच्या एकूण आकड्याला कमी पडली, तेव्हा कुठे हे उघड झालं. नाहीतर त्या वस्तीचं मत दहा वर्षं भलत्याच प्रभागात गेलं असतं.

तेव्हापासून माझी सवय: क्रमांकाचा रकाना आधी ‘टेक्स्ट’ करायचा, काउंटीची एकूण लोकसंख्या कागदावर लिहून स्क्रीनशेजारी चिकटवायची आणि प्रत्येक बदलानंतर बेरीज ताडायची. पाच मिनिटं लागतात. तेवढा धीर नसेल तर या कामाला हात लावू नका.

ब्लॉक मधून कापू नका. कोणत्या बाजूला किती माणसं, हे मग अंदाजाने ठरवावं लागतं.

२०२० च्या आकडेवारीत गोपनीयतेसाठी मुद्दाम थोडी सरमिसळ केलेली आहे, म्हणून एकट्या ब्लॉकच्या आकड्यावर वाद घालू नका.

प्रभागांच्या लोकसंख्येत १० टक्क्यांपर्यंत तफावत सहसा चालते. पण ही सूट म्हणजे सरासरीच्या वर १० आणि खाली १० नव्हे, तर सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान प्रभागातलं एकूण अंतर. सरासरी २०,००० असेल, सगळ्यात मोठा प्रभाग २१,५०० आणि सगळ्यात लहान १८,५०० असेल, तर तफावत १५ टक्के होते. आणि १० च्या आत राहिलात म्हणून सुटलात असंही नाही. जॉर्जिया विधिमंडळाचा ९.९८ टक्के तफावतीचा आराखडा २००४ मध्ये कोर्टात टिकला नाही.

तुरुंग न शोधणं ही माझ्या डोक्यात जाणारी दुसरी चूक. जनगणना कैद्यांना तुरुंगाच्या पत्त्यावर मोजते. फ्लोरिडातल्या जेफरसन काउंटीत एका प्रभागात हजारावर कैदी धरले होते. त्यांना तिथे मतदान नाही, त्यामुळे त्या प्रभागातल्या उरलेल्या मतदारांचं वजन इतरांपेक्षा कितीतरी वाढलं. २०१६ मध्ये फेडरल कोर्टाने तो आराखडा रद्द केला. २०२० च्या प्रभागरचनेच्या आकडेवारीत पी-५ तक्ता आहे. तुरुंग, वसतिगृहं, लष्करी बराकी यांतली माणसं त्यात ब्लॉकनुसार वेगळी दिसतात. मी तो तक्ता सर्वांत आधी उघडते, हजाराच्या आसपास अशी माणसं असलेले ब्लॉक लाल रंगवते आणि कैदी धरायचे की वगळायचे, हे काउंटीच्या वकिलांकडून लेखी घेते. त्यानंतरच पहिली रेघ.